दुकान लहान करणारा माणूस

आजचा शास्त्रभाग : लूक १२:१३-२१



आजचा दाखला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पीक भरघोस आलं, ठेवायला जागा पुरेना, म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत करणारा तो श्रीमंत माणूस. हा भाग वाचताना मला दर वेळी एक प्रश्न पडतो. त्याने नक्की वाईट काय केलं? चोरी नाही, खोटं बोलणं नाही, कुणाची मजुरी बुडवल्याचंही लिहिलेलं नाही. आमच्या क्षेत्रात लोड वाढला की सर्व्हर वाढवतात, आणि जो वेळेत वाढवतो त्याला बढती मिळते. म्हणून आज अशा एका माणसाबद्दल लिहितो, ज्याचं कोठार दरवर्षी जास्त भरत होतं आणि ज्याने ते मुद्दाम लहान केलं.

जॉन वुलमन. जन्म १९ ऑक्टोबर १७२०, अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतात, तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती. घर शेतकऱ्याचं, पंथ क्वेकर. पाळक नाही, वेदी नाही, शांत बसून देवाची वाट पाहायची, अशी त्यांची उपासना. एकविसाव्या वर्षी तो माउंट हॉली नावाच्या गावी एका दुकानदाराकडे नोकरीला लागला. हिशेब ठेवायचा, गिऱ्हाईक बघायचं.

एक दिवस मालकाने त्याला एक विक्रीखत लिहायला सांगितलं. माल म्हणजे एक काळी स्त्री. मालकाने तिला विकलं होतं आणि विकत घेणारा गृहस्थ म्हातारा, शिवाय याच्याच पंथाचा, तिथेच बसलेला. वुलमन वर्षाच्या पगारावर बांधलेला नोकर. त्याने खत लिहून दिलं, पण दोघांच्या तोंडावर सांगितलं की गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. आपण नकोच म्हणायला हवं होतं, हे त्याला पुढे बोचत राहिलं. काही दिवसांनी दुसऱ्या एका क्वेकर तरुणाने तसंच काम आणलं, तेव्हा त्याने नकार दिला.

पुढे मालकाने दुकानदारी सोडली. वुलमन शिंपीकाम शिकला आणि स्वतःचं दुकान थाटलं. सुरुवातीला अस्तर, बटणं असं शिलाईचं सामान, मग तागे, मग इतर माल. रम, साखर, काकवीसुद्धा विकली. धंदा दरवर्षी वाढत गेला. १७४९ मध्ये सेरा एलिसशी लग्न झालं, मुलगी झाली. आता स्थिरावायचा काळ, असं कोणीही म्हणालं असतं.

इथे मला हा माणूस फार आवडतो. त्याला काउंटरमागून दोन गोष्टी दिसल्या. एक, गरीब गिऱ्हाईक उधारीवर परवडणार नाही असा भारी माल नेतं, आणि मग पैसे फेडता न आल्याने कोर्टात खेचलं जातं. तेव्हा तो अशा लोकांना स्वस्त आणि टिकाऊ माल घ्या म्हणून सांगायचा. विचार करा, सेलच्या दिवशी एखाद्या अ‍ॅपने आपल्याला सांगावं की हा फोन ईएमआयवर घेऊ नका, तुमचा जुना चालतोय! दुसरी गोष्ट त्याला स्वतःबद्दल दिसली. धंदा वाढला की गरजा वाढतात, आणि गरजा वाढल्या की धंदा कमी करणं अशक्य होतं. मग माणूस हातातलं काम बरोबर की चूक हे बघत नाही, तर ते बरोबर कसं ठरवता येईल हे बघतो.

१७५६ च्या सुमारास त्याने गिऱ्हाइकांना आधीच कळवून टाकलं की मी दुकान आवरतोय, तुम्ही दुसरं दुकान बघून ठेवा. मग फक्त शिंपीकाम ठेवलं, तेही हाताखाली कोणी न घेता, आणि सोबत सफरचंदांच्या झाडांची बाग. त्याचा व्यापार तोट्यात गेला नव्हता, हे ध्यानात ठेवा.

याचा उपयोग काय झाला ते त्याच सुमाराच्या एका प्रसंगात दिसतं. चांगलं अक्षर आणि विश्वासू माणूस, म्हणून लोक त्याच्याकडून मृत्युपत्रं लिहून घेत. त्यात पैसे मिळत आणि ओळखी टिकत. एका शेजाऱ्याला जबर मार लागला. त्या काळच्या उपचाराप्रमाणे रक्त काढायला त्याने वुलमनला बोलावलं आणि मग मृत्युपत्र लिही म्हणाला. त्यात एक तरुण गुलाम मुलगी आपल्या कोणत्या मुलाला द्यायची हेही होतं. माणूस वेदनेत, वाचेल की नाही माहीत नाही. वुलमनने तेवढा भाग सोडून बाकी सगळं लिहिलं, खाटेशी बसून वाचून दाखवलं, आणि शांतपणे सांगितलं की उरलेलं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही, झालेल्या कामाचेही मला पैसे नकोत. दोघं बराच वेळ बोलले. शेवटी शेजारी त्या मुलीला मोकळं करायला तयार झाला. मग वुलमनने मृत्युपत्र पुरं केलं.

दुकानाचा डोलारा आणि देणेकरी डोक्यावर असते तर तो इतक्या निवांतपणे नाही म्हणू शकला असता का? मला नाही वाटत. त्याचं दुकान लहान होतं म्हणून त्याचा नकार स्वस्त होता.

१७५७ मध्ये तो दक्षिणेतल्या मेरीलंड, व्हर्जिनियाकडे फिरला. तिकडे क्वेकरांच्या घरीही गुलाम, आणि पाहुणचार अर्थातच फुकट. पण पाणी तापवणारे, घोड्याला चारा घालणारे हात गुलामांचे. म्हणून निघताना तो त्यांच्यासाठी चांदीची नाणी ठेवायचा, कधी यजमानाच्या हाती, कधी स्वतः त्यांच्या हाती. यजमानांना किती अवघडल्यासारखं होत असेल! १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना घरी जाऊन भेटायचं ठरवलं, आणि जाणाऱ्यांत हाही होता.

मग तो खोल खोल जात राहिला. आम्ही एखादी लायब्ररी वापरतो तेव्हा तिच्याखाली आणखी डझनभर दडलेल्या असतात आणि दोष सहसा तिथेच निघतो. वुलमन वस्तूंकडे तसा बघायचा. साखर वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या श्रमाची, म्हणून सोडली. त्या बेटांवर जायचा विचार आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की जहाजाचं भाडं स्वस्त आहे ते परतीला गुलामांनी पिकवलेला माल भरतात म्हणून. तो जास्त भाडं द्यायला तयार झाला! (शेवटी गेला नाही.) रंगवलेले कपडेही सोडले, कारण रंगाने कापड खराब होतं आणि मळ झाकला जातो. हा मुद्दा मला अजून पूर्ण पटलेला नाही. गंमत म्हणजे त्याने न रंगवलेली फिकी टोपी घातली, तेव्हा नेमकी तशीच टोपी काही लोकांत फॅशनमध्ये होती, आणि स्वतःच्याच मंडळीतले लोक त्याच्यापासून दबकून राहू लागले.

१७७२ मध्ये तो इंग्लंडला निघाला. जहाजाच्या केबिनवर शोभेचं कोरीवकाम पाहून त्याने खालच्या बाजूला, खलाशांसोबत प्रवास केला. लंडनहून यॉर्कला पायी गेला, कारण वेगाच्या हव्यासापायी टपालगाड्यांचे घोडे पळून पळून मरत आणि थंडीत गाडीवरची पोरं गारठत. वाटेत मजुरांना रोज किती मिळतो, सूत कातणाऱ्या बायकांना किती, धान्याचा भाव काय, घरभाडं किती, हे सगळं त्याने वहीत टिपून ठेवलं.

यॉर्कमध्ये त्याला देवी आल्या. ज्यांच्या मुळाशी कुणावर जुलूम आहे अशी औषधं मला देऊ नका, असं त्याने सांगून ठेवलं होतं. ७ ऑक्टोबर १७७२ ला तो वारला, वय ५१. त्याची रोजनिशी १७७४ मध्ये छापली गेली. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेने ठरवलं की गुलाम ठेवणारा आता सभासद राहू शकत नाही.

पेटी साधी करा, असं त्याने आधीच लिहवून ठेवलं होतं. तिचा आणि कबर खणण्याचा खर्च त्याचे अंगावरचे कपडे देऊन भागवायचा होता.

उद्याचा शास्त्रभाग : लूक १२:२२-३४