थिओडोर मेमन

थिओडोर हॅरॉल्ड मेमन (११ जुलै १९२७ – ५ मे २००७) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ व अभियंते होते. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्निया राज्यातील मालिबू येथे, ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत, त्यांनी जगातील पहिला लेसर कार्यान्वित केला. लेसरच्या शोधाचे श्रेय नेमके कोणाचे, हा वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही. मात्र प्रत्यक्ष चाललेले पहिले उपकरण मेमन यांचे, याविषयी दुमत नाही.

प्रारंभिक जीवन

मेमन यांचा जन्म लॉस एंजेलिस येथे झाला. वडील विद्युत अभियंते होते आणि घरातच त्यांचे प्रयोग चालत. मेमन शालेय वयातच विद्युत उपकरणे दुरुस्त करून पैसे मिळवू लागले. १९४९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातून अभियांत्रिकी भौतिकीची पदवी घेऊन ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे १९५१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी व १९५५ मध्ये विलिस लँब यांच्या मार्गदर्शनाखाली भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी संपादन केली. उपकरण स्वतःच्या हातांनी जुळवण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

माणकाची निवड

१९५६ मध्ये मेमन ह्यूज कंपनीत रुजू झाले. लेसरच्या आधी सूक्ष्मतरंगांचे वर्धन करणारे मेसर हे उपकरण अस्तित्वात आले होते. माणकाचा वापर करणारे असे एक अवजड यंत्र मेमन यांनी लष्करासाठी सुमारे दोन किलो वजनापर्यंत लहान केले. त्यामुळे माणकाचे गुणधर्म त्यांना चांगलेच परिचित झाले.

डिसेंबर १९५८ मध्ये चार्ल्स टाउन्स व आर्थर शॉलो यांनी हेच तत्त्व दृश्य प्रकाशाला कसे लागू करता येईल, हे दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि अनेक प्रयोगशाळांत चढाओढ सुरू झाली. बेल प्रयोगशाळा बलाढ्य होती. गॉर्डन गोल्ड काम करीत असलेल्या टीआरजी कंपनीला अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सुमारे १० लाख डॉलर दिले होते. मेमन यांच्याकडे कंपनीने दिलेले सुमारे ५० हजार डॉलर व एक साहाय्यक, अर्नी डीहेनन्स, एवढेच बळ होते.

माणिक या कामी निरुपयोगी आहे, असे बहुतेकांचे मत होते आणि त्यामागे कारणही होते. उद्दीपित उत्सर्जनासाठी खालच्या ऊर्जापातळीपेक्षा वरच्या पातळीत अधिक अणू असावे लागतात. माणकात खालची पातळी हीच अणूंची मूळ अवस्था असल्याने निम्म्याहून अधिक अणू एकाच वेळी वर उचलावे लागतात. शॉलो यांनी सप्टेंबर १९५९ मधील एका परिषदेत फिकट गुलाबी माणिक जाहीरपणे बाद ठरवला होता. शिवाय माणकाने शोषलेल्या प्रकाशापैकी जेमतेम एक टक्का परत मिळतो, असे एक मापनही उपलब्ध होते. मेमन यांनी ते मापन गृहीत न धरता स्वतः पुन्हा केले. त्यांना हे प्रमाण सुमारे ७५ टक्के आढळले. लेसरच्या इतिहासातील निर्णायक क्षण कदाचित हाच म्हणावा लागेल.

सतत जळणारा दिवा पुरेसा प्रखर नव्हता. म्हणून त्यांनी छायाचित्रणात वापरला जाणारा, मळसूत्री आकाराचा चमकदिवा घेतला आणि त्याच्या वेटोळ्यात बोटाच्या पेराएवढी कृत्रिम माणकाची कांडी बसवली. कांडीच्या दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा होता आणि एका टोकास किरण बाहेर पडण्यासाठी बारीक छिद्र ठेवले होते. १६ मे रोजी दिव्याचा विद्युतदाब टप्प्याटप्प्याने वाढवत नेला असता एका मर्यादेनंतर ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या गडद तांबड्या प्रकाशाचा तीव्र स्पंद मिळाला.

प्रसिद्धी आणि उपेक्षा

फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या नियतकालिकाने मेमन यांचा शोधनिबंध परत पाठवला. मेसरविषयक लेखांचा तेथे सुकाळ झाला होता आणि हाही त्यांतलाच एक समजला गेला. अखेर ६ ऑगस्ट १९६० रोजी नेचर या ब्रिटिश साप्ताहिकात जेमतेम ३०० शब्दांचे टिपण प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी ७ जुलै रोजी न्यूयॉर्क येथील पत्रकार परिषदेत शोधाची घोषणा झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला मृत्युकिरण ठरवून मोकळे केले. वास्तविक डिसेंबर १९६१ मध्ये माणिक लेसरचा उपयोग झाला तो एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरील गाठ नष्ट करण्यासाठी. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकापर्यंतचे अंतरही माणिक लेसरनेच मोजले गेले.

मेमन यांच्या यशानंतर इतर प्रकारचे लेसर झपाट्याने तयार झाले. बारामती येथे जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर कुमार पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर बनवला, जो आज कारखान्यांतील कापकाम-जोडकामात सर्रास वापरला जातो.

त्याच वर्षी मेसर-लेसर तत्त्वासाठीचे नोबेल पारितोषिक टाउन्स, निकोलाय बासोव्ह व अलेक्झांडर प्रोखोरोव्ह यांना मिळाले. मेमन यांना ते कधीच लाभले नाही. मूलभूत कल्पना त्यांची नव्हती हे खरे. पण तज्ज्ञांनी नाकारलेला मार्ग आकडेमोड करून निवडणे ही केवळ कारागिरी नव्हती. गोल्ड यांनाही आपल्या एकस्वांसाठी (पेटंट) सुमारे तीस वर्षे न्यायालयीन लढा द्यावा लागला. मेमन यांच्या लेसरचे एकस्व १९६७ मध्ये मंजूर झाले.

उत्तरायुष्य

१९६१ मध्ये ह्यूज सोडून मेमन यांनी पुढील वर्षी कोराड ही लेसरनिर्मिती कंपनी स्थापन केली. १९६८ मध्ये ती युनियन कार्बाइडकडे गेली. त्यांना भौतिकशास्त्राचे वुल्फ पारितोषिक (१९८३-८४) व जपान पारितोषिक (१९८७) मिळाले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी श्रेयाच्या वादाविषयी आपली बाजू कडवटपणे मांडली आहे. कॅनडातील व्हँकूव्हर येथे त्यांचे निधन झाले.