डॉ. माउई पोमारे : जेत्यांच्या चाकरीतला माओरी डॉक्टर

१८८१ च्या ५ नोव्हेंबरला न्यूझीलंडमधील तारानाकी भागातल्या परिहाका गावात सुमारे दीड हजार सशस्त्र शिपाई शिरले. जमीनजप्तीला निःशस्त्र विरोध करणाऱ्या ते व्हिटी या पुढाऱ्याचे हे माओरी गाव. शिपायांना सामोरी गेली ती गाणारी मुले. त्यांत पाच-सहा वर्षांचा माउई पोमारे होता. एका स्वाराच्या घोड्याने पाय तुडविल्यामुळे त्याच्या पायाचे बोट गेले, असे सांगतात. ज्या सरकारने हे गाव उद्ध्वस्त केले, त्याचीच चाकरी या मुलाने पुढे पत्करली.

अमेरिकेत वैद्यकाचे शिक्षण घेऊन पोमारे परतले तेव्हा ते माओरींमधील पहिले पदवीधर डॉक्टर होते. १८९६ च्या खानेसुमारीत माओरींची संख्या जेमतेम ४२ हजार भरली होती आणि ही जमात आता नामशेष होणार, असे गोरे लोक उघड बोलत होते. १९०१ मध्ये सरकारने पोमारे यांना माओरींसाठी आरोग्याधिकारी नेमले. हुद्दा मिळाला, पैसा मात्र फारसा मिळाला नाही.

तेव्हा त्यांनी गावे पालथी घातली. माओरी सभांतून त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच रिवाजाने बोलून त्यांनी ओलसर झोपड्या, दूषित पाणी आणि क्षय यांचे नाते समजावून दिले. १९०० च्या कायद्याने स्थापन झालेल्या माओरी परिषदांना स्वच्छतेचे नियम करता येत. त्यांचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. १९०५ मध्ये ते रांगी हिरोआ हे दुसरे माओरी डॉक्टर मदतीला आले. १९०९ पर्यंत बाराशेहून अधिक रोगट घरे पाडली गेली, हजाराहून अधिक नवी घरे आणि तितकेच संडास उभे राहिले. खर्च बहुतांशी लोकांनी स्वतः सोसला, हे विसरता कामा नये. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनीच आपल्या आरोग्याचीही किंमत मोजली! त्याच सुमारास सरकारने या कामाला कात्री लावली.

१९११ मध्ये पोमारे पश्चिम माओरी मतदारसंघातून संसदेत गेले. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त प्रकरण याच काळातले. पहिल्या महायुद्धात वायकाटोच्या लोकांनी जमीनजप्तीची आठवण ठेवून सैन्यात जाण्यास नकार दिला, तेव्हा मंत्रिमंडळातील पोमारे सक्तीच्या भरतीच्या बाजूला उभे राहिले. १९१७ मध्ये ती सक्ती माओरींपैकी केवळ वायकाटो-मानियापोटो भागातच लागू झाली. परिहाकाचा मुलगा येथे कोठे हरवला, हा प्रश्न वायकाटोने त्यांना कधीच माफ केला नाही यावरून समजतो. १९०७ च्या पारंपरिक वैदूंवरील बंदीलाही त्यांचा पाठिंबा होता. फसव्या वैदूंबरोबर जुने औषधज्ञानही तिच्या तडाख्यात सापडले.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने सुमारे अडीच हजार माओरी बळी गेले. गोऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण सातपटीहून अधिक. मोडलेल्या आरोग्ययंत्रणेची ही शिक्षा होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. १९२३ ते १९२६ या काळात पोमारे आरोग्यमंत्री होते. सुरक्षित बाळंतपणाची त्यांची मोहीम साऱ्या देशासाठी होती. त्यांच्या पाठपुराव्यामुळे १९२६ मध्ये जप्त जमिनींच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि त्याने तारानाकीच्या लोकांना वार्षिक भरपाई देण्याची शिफारस केली.

ज्या क्षयाशी ते आयुष्यभर झगडले त्यानेच पुढे त्यांना गाठले. हवापालटासाठी गेलेल्या पोमारे यांचे २७ जून १९३० रोजी कॅलिफोर्नियात निधन झाले. त्यांच्या अस्थी तारानाकीतील वायटारा येथे आणण्यात आल्या.