जमीन वाचणारा माणूस : दाराशा वाडिया

स्वतंत्र भारताने 1948 साली अणुऊर्जा आयोग स्थापन केला आणि होमी भाभा त्याचे अध्यक्ष झाले. अणुभट्टीचे शास्त्र शिकता येणार होते, यंत्रेही उभारता येणार होती. पण भट्टीत घालायला युरेनियम लागते, आणि नुकत्याच संपलेल्या महायुद्धानंतर ते कोणताही देश दुसऱ्याला सहज देत नव्हता. आपल्या जमिनीत ते आहे का, असेल तर कुठे आणि किती, हे शोधायचे होते. 1949 मध्ये हे काम ज्यांच्यावर सोपवण्यात आले त्यांनी वयाची 65 वर्षे पूर्ण केली होती आणि सरकारी नोकरीतून ते एकदा निवृत्तही झालेले होते. त्यांचे नाव दाराशा नोशेरवान वाडिया.

वाडियांचा जन्म ऑक्टोबर 1883 मध्ये सुरतेत एका पारशी कुटुंबात झाला. जहाजे बांधण्यासाठी नावाजलेले हे घराणे. वडील मात्र रेल्वेत होते, सुरतेजवळच्या एका लहान स्टेशनावर स्टेशन मास्तर. तिथे चांगली शाळा नव्हती, म्हणून मुलांना सुरतेत आजीकडे ठेवण्यात आले. शिक्षणासाठी आईवडिलांपासून लांब राहणे म्हणजे काय, हे आपल्या वसतिगृहातल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

पुढे कुटुंब बडोद्याला आले. सयाजीराव गायकवाड महाराजांचे ते राज्य. शिक्षणाला तिथे मोठा मान होता. बडोदा कॉलेजात वाडिया आधी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकले. भूगर्भशास्त्राची गोडी नंतर लागली आणि मग सुटली नाही. 1906 साली ते एम.ए. झाले.

1907 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांना जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. जम्मू हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले शहर. भूगर्भशास्त्राच्या माणसाला याहून चांगला वर्ग कुठे मिळणार? वाडिया सुट्या लागल्या की डोंगरात जात, दगड आणि जीवाश्म गोळा करून आणत. याच शिवालिक टेकड्यांत त्यांना स्टेगोडॉन नावाच्या, आज पृथ्वीवर नसलेल्या हत्तीसारख्या प्राण्याच्या कवटीचा आणि लांबलचक सुळ्याचा जीवाश्म मिळाला. जम्मूत त्यांनी 14 वर्षे शिकवले. विद्यार्थ्यांना भारताच्या भूगर्भाची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून त्यांनी पुस्तकही लिहिले. ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ हे ते पुस्तक 1919 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

1921 साली ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. हे खाते 1851 पासूनचे, आणि त्यातले अधिकारी बहुतेक इंग्रज. परदेशी पदवी नसताना तिथे अधिकारी म्हणून निवडले गेलेले वाडिया हे पहिले भारतीय. तेव्हा त्यांचे वय 37 वर्षांचे होते. या वयात नवी नोकरी धरून, पाठीवर सामान टाकून पीर पंजाल, पूंछ आणि हजाराच्या डोंगरांत चालायला निघणे सोपे नव्हते. भूगर्भशास्त्रज्ञाची हत्यारे साधी असतात : हातोडी, भिंग, होकायंत्र आणि नकाशा. मॅप रीडिंगच्या तासाला आपण कंटूर रेषा वाचून चढ-उतार ओळखतो. भूगर्भशास्त्रज्ञ त्याच नकाशावर एक पाऊल पुढे जातो. कोणत्या जागी कोणता खडक आहे आणि त्याचा थर कुठल्या दिशेला किती अंशांनी कललेला आहे, हे तो चालत जाऊन एकेक ठिकाणी नोंदवतो.

अशा हजारो नोंदींतून वाडियांना एक मोठे कोडे सुटले. हिमालयाच्या रांगा आग्नेयेकडून वायव्येकडे जातात आणि 8,126 मीटर उंचीच्या नंगा पर्वताजवळ एकाएकी दक्षिणेकडे वळतात. ही एकच रांग वळली आहे की दोन वेगळ्या रांगा इथे भेटल्या आहेत? वाडियांनी वळणाच्या दोन्ही बाजूंचे खडक तपासले. थर तेच, त्यांचा क्रमही तोच. म्हणजे रांग एकच होती. जमिनीवर सतरंजी ढकलत नेली आणि मध्ये ट्रंकेचा कोपरा आडवा आला तर तिच्या घड्या त्या कोपऱ्याभोवती वळतात. त्याचप्रमाणे भारतीय द्वीपकल्पाच्या जुन्या, टणक खडकाचे एक टोक उत्तरेकडे शिरले आहे आणि हिमालयाच्या घड्या त्याभोवती वळल्या आहेत, असे त्यांनी 1931 साली मांडले. जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी या कामाची दखल घेतली.

1938 साली ते या खात्यातून निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून त्यांनी काही वर्षे काढली. परत आल्यावर ते भारत सरकारचे भूवैज्ञानिक सल्लागार झाले आणि मग अणुखनिजांच्या शोधाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

या शोधाचे काम कसे चालते ते थोडे पाहू. युरेनियम आणि थोरियम यांतून किरण सतत बाहेर पडत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण गायगर काउंटर नावाचे यंत्र त्यांची नोंद करते. तरुण भूगर्भशास्त्रज्ञ हे यंत्र घेऊन डोंगर, नाले आणि जुन्या खाणी पालथ्या घालत. आकडा वाढला की तिथला दगड प्रयोगशाळेत जाई. दगडात खरोखर काही निघाले तर जमिनीत चर खणायचा, मग ड्रिलने खोल भोके पाडून आतला खडक बाहेर काढायचा, आणि साठा किती ते मोजायचे. दहा ठिकाणी आशा वाटते आणि नऊ ठिकाणांहून रिकाम्या हाताने परतावे लागते. पण ते परतणेही नकाशावर नोंदवायचे असते, म्हणजे पुढच्या माणसाचे पाय वाचतात.

कुठे शोधायचे, हे मात्र यंत्र सांगत नाही. त्यासाठी देशाचा भूगर्भ ठाऊक असावा लागतो. तेव्हाच्या बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या सिंहभूम भागात दीडशे किलोमीटरहून लांब असा एक पट्टा आहे, जिथे खडक प्रचंड दाबाने चिरडले आणि सरकले गेले आहेत. तांब्याच्या खाणींमुळे हा पट्टा माहीत होताच. 1951 मध्ये याच पट्ट्यात जादूगुडा येथे युरेनियम सापडले. ते फार श्रीमंत खनिज नव्हते. एक टन खडकातून अर्धा-पाऊण किलो युरेनियम निघेल, एवढेच. पण ते आपले होते.

केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट मिळते. त्यात थोरियम आणि विरळ मृदा धातू असतात. ही वाळू 1909 पासून माहीत होती आणि गॅसबत्तीच्या जाळीसाठी लागणाऱ्या थोरियमपायी ती परदेशी जात असे. स्वातंत्र्यानंतर ती देशासाठी राखली जाऊ लागली. अभ्रकाच्या खाणींजवळच्या खडकांत बेरिल मिळते, त्यापासून बेरिलियम बनते. नायोबियम आणि टँटलम हे धातूही अशाच खडकांत सापडतात. कडक उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंसाठी आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी आज ते लागतात. वाडियांच्या विभागाने या सगळ्यांचा शोध घेतला. हाच विभाग पुढे अणुखनिज संचालनालय म्हणून वाढला आणि आज त्याचे मुख्यालय हैदराबादला आहे.

मान-सन्मान पुष्कळ मिळाले. 1957 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले, 1958 मध्ये पद्मभूषण मिळाले, 1963 मध्ये ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले. 1964 साली जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ नवी दिल्लीत जमले, तेव्हा त्या परिषदेचे अध्यक्ष वाडियाच होते. हिमालयाच्या अभ्यासासाठी वेगळी संस्था हवी म्हणून त्यांनी खटपट केली आणि 1968 मध्ये ती सुरू झाली. आज ती डेहराडूनला आहे आणि तिला त्यांचेच नाव आहे.

1967 मध्ये जादूगुडाच्या खाणीचा कारभार पाहण्यासाठी युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाले. ते वाडियांनी पाहिले. 15 जून 1969 रोजी, 85 वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले. तोवर ते अणुखनिजांच्या कामातच होते.

त्यांच्या कामाची खरी परीक्षा पाच वर्षांनी झाली. मे 1974 मध्ये पोखरणला भारताने पहिली अणुचाचणी केली आणि कॅनडाने आपल्याला अणुक्षेत्रातली मदत थांबवली. राजस्थानातली अणुभट्टी कॅनडाच्या सहकार्याने उभी राहिली होती. ती पुढे चालवायची तर इंधन घरचेच हवे होते. जादूगुडाची खाण तेव्हा चालू होती. कमी प्रतीचे का होईना, युरेनियम निघत होते. पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी यंत्र घेऊन ते डोंगर तुडवले होते, म्हणून.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण उद्या गणवेशात सीमेवर उभे राहतील. आपण जी जमीन राखणार आहोत, तिच्या पोटात काय आहे हे आधी चालत जाऊन पाहणारी माणसेही या देशात होऊन गेली. वाडिया त्यांतले पहिल्या रांगेतले. पदवी परदेशची नाही म्हणून ते अडले नाहीत आणि पासष्टी उलटली म्हणून थांबले नाहीत. पुढच्या मॅप रीडिंगच्या तासाला नकाशा उघडाल, तेव्हा त्यांना जरूर आठवा.

— कॅडेट, इयत्ता दहावी