अब्बास इब्न फिरनास : झेप आणि उतरणे

विमानाची गोष्ट निघाली की आपण राइट बंधूंचे नाव घेतो. पण त्यांच्याही सुमारे हजार वर्षे आधी स्पेनमधील कुर्तुबा, म्हणजे आजचे कॉर्डोबा, या शहरात एका माणसाने पंख लावून हवेत झेप घेतली होती. तो अब्बास इब्न फिरनास.

नवव्या शतकातील हा विद्वान उमय्या अमीरांच्या दरबारी कवी होता. पण त्याचे हात स्वस्थ बसत नसत. त्याने पाण्यावर चालणारे घड्याळ बनविले आणि घरातील खोलीत तारे, ढग व विजांचा देखावा उभा केला.

सुमारे ८७५ साली, उतारवयात, अंगावर पिसे चढवून व पंख बांधून त्याने उड्डाण केले. तो बराच दूर गेला, पण उतरताना आदळून त्याच्या पाठीला मार बसला, असे सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी सांगतो. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो. याने शेपूटच लावली नव्हती. पंखांनी दगा दिला नाही, उतरण्याचा विचार राहून गेला.

आजच्या साध्या ग्लायडरलाही इंजिन नसते. उतरणे चुकले तर पुन्हा वर जाता येत नाही. म्हणून उंची हाती असतानाच चालकाला उतरण्याची जागा ठरवावी लागते. तो निर्णय लांबला की सुस्थितीतले ग्लायडरही आदळते.

इब्न फिरनास ८८७ साली निवर्तला. १९७६ साली चंद्रावरील एका विवराला त्याचे नाव देण्यात आले.

पालकहो, मुलांच्या झेपेला अडवू नका. पुढची तयारी काय, एवढे मात्र आधीच विचारा.