नापास मुलाला घराने दिलेला वेळ : आर. के. नारायण

'मालगुडी' या काल्पनिक गावाचे निर्माते आर. के. नारायण आणि 'कॉमन मॅन'चे जनक, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण हे सख्खे भाऊ. दोघेही म्हैसूरच्या एकाच घरात घडले. थोरल्याला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेने अडवले, तर धाकट्याला मुंबईच्या नामांकित कलाशाळेने नाकारले. घराने मात्र दोघांपैकी कोणाचीही उमेद खचू दिली नाही. नारायण यांच्या आयुष्याकडे पाहताना त्यांच्या लेखनाइतकेच या घराचे मोल जाणवते.

रासीपुरम कृष्णस्वामी नारायणस्वामी यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1906 रोजी मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईत झाला. वडील कृष्णस्वामी अय्यर हे म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यात मुख्याध्यापक होते. त्यांच्या गावोगावी बदल्या होत. घरात भावंडांची संख्या मोठी आणि आईची प्रकृती नाजूक, त्यामुळे नारायण यांचे बालपण मद्रासच्या पुरसवलकम भागात आजीच्या घरी गेले.

आजीची शाळा

आजी पार्वती या नारायण यांच्या पहिल्या आणि बहुधा सर्वांत महत्त्वाच्या शिक्षिका. अंकगणित, संस्कृत श्लोक, पुराणकथा आणि अभिजात संगीत यांचे धडे त्यांनी नातवाला घरीच दिले. आजीची शिस्त कडक होती. पण त्याच घरात मोर आणि माकड पाळण्याची मुभाही नातवाला होती. मिशनच्या शाळेत नारायण यांचे मन फारसे रमले नाही. कथा कशी सांगावी, याचे संस्कार मात्र आजीच्या सहवासात नकळत झाले.

पुढे वडिलांची म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलमध्ये मुख्याध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि नारायण म्हैसूरला आले. शाळेचे ग्रंथालय समृद्ध होते. शाळेसाठी येणारी इंग्रजी नियतकालिके वडिलांच्या टेबलावरून मुलांच्या हाती पडत. वाचून झाल्यावर ती जागच्या जागी ठेवावीत, एवढीच काय ती अट. डिकन्स, हार्डी, कॉनन डॉइल, वुडहाउस असे लेखक या मुलाने अभ्यासक्रमाबाहेर वाचून काढले. कोणते पुस्तक वयाला योग्य आणि कोणते अयोग्य, याची यादी कोणी केली नाही.

अपयशाचे वर्ष

विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नारायण नापास झाले. ज्या शहरात वडील नावाजलेल्या शाळेचे मुख्याध्यापक, त्याच शहरात मुलगा नापास व्हावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तरीही घरातून त्यांची हेटाळणी झाली नाही. पुढील परीक्षेपर्यंतचे सारे वर्ष त्यांनी वाचनात आणि लेखनात घालवले. हातात पुस्तक घेऊन कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी बसणे, चामुंडी टेकडीच्या परिसरात भटकणे आणि जे सुचेल ते लिहून पाहणे, हा त्यांचा दिनक्रम होता. वरकरणी वाया गेलेले हे वर्षच त्यांच्यातील लेखकाची पायाभरणी करणारे ठरले.

1926 मध्ये ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले आणि महाराजा कॉलेजात दाखल झाले. पदवी मिळवायलाही त्यांना नेहमीपेक्षा एक वर्ष अधिक लागले. 1930 मध्ये पदवी हाती आल्यानंतर चन्नपट्टणच्या शाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली. मात्र व्यायाम शिक्षकाच्या जागी तास घेण्याचे फर्मान सुटताच ते नोकरी सोडून घरी परतले. यापुढे फक्त लेखन करायचे, असा निश्चय त्यांनी केला.

केवळ लेखनावर, तेही इंग्रजीतील कथा-कादंबऱ्यांवर, निर्वाह करण्याची कल्पना त्या काळच्या भारतात जवळजवळ अशक्य वाटावी अशीच होती. पहिल्या वर्षी त्यांची मिळकत झाली 9 रुपये 12 आणे. तीही सतराव्या शतकातील इंग्लंडच्या सागरी कायद्यांवरील एका पुस्तकाच्या परीक्षणापोटी. दुसऱ्या वर्षी एका कथेचे 18 रुपये आणि तिसऱ्या वर्षी एका बालकथेचे 30 रुपये मिळाले. एकत्र कुटुंबामुळे जेवणाखाण्याची आणि निवाऱ्याची भ्रांत नव्हती. हा भार घराने उचलला नसता, तर नारायण यांना बहुधा पुन्हा एखाद्या शाळेची किंवा कचेरीची पायरी चढावी लागली असती.

घरातील सर्वांनाच त्यांचे लेखन पसंत होते, असे नाही. पहिल्या कादंबरीचा काही भाग ऐकून मामांनी तिची खिल्ली उडवली होती. परंतु ती कादंबरी सुरू करण्यासाठी शुभ दिवस आजीनेच निवडून दिला होता. 1930 च्या सप्टेंबरमध्ये बंगळूरला त्यांनी नवी वही उघडली आणि एका छोट्या रेल्वे स्थानकाच्या चित्रासह 'मालगुडी'ने आकार घेतला.

'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. अखेर ऑक्सफर्डला असलेल्या एका मित्राने हस्तलिखित इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांच्याकडे नेले. ग्रीन यांच्या शिफारशीमुळे 1935 मध्ये ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. लांबलचक नाव आटोपशीर करण्याची सूचनाही ग्रीन यांचीच. शाळा, परीक्षा आणि कठोर शिक्षक यांच्या कचाट्यात सापडलेला छोटा स्वामी अशा रीतीने जगापुढे आला.

धाकट्या भावासाठी

नारायण यांच्यापेक्षा 15 वर्षांनी लहान असलेले लक्ष्मण यांचा जन्म 1921 चा. भावंडांमध्ये सर्वांत धाकटे. हा मुलगा घराच्या जमिनीवर, भिंतींवर, दारांवर चित्रे काढी; घराने त्याचा हात धरला नाही. त्याच्या क्रिकेटच्या चमूचे आणि खोड्यांचे रूप नारायण यांच्या सुरुवातीच्या बालकथांत उमटले आहे. थोरला भाऊ धाकट्याकडे किती बारकाईने आणि मायेने पाहत होता, याची ही खूणच.

1937 मध्ये वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाची जबाबदारी मोठ्या भावांवर आली. नारायण यांना म्हैसूर सरकारसाठी संस्थानच्या वर्णनाचे पुस्तक लिहिण्याचे काम पत्करावे लागले. अशा ओढाताणीतही लक्ष्मण यांचे शिक्षण थांबले नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांच्या चित्रांत पुरेशी गुणवत्ता नसल्याचे कळवून प्रवेश नाकारला, तेव्हा ते म्हैसूरमध्येच पदवीचा अभ्यास करू लागले. त्याच काळात 'द हिंदू'मध्ये प्रसिद्ध होणाऱ्या नारायण यांच्या कथांसाठी चित्रे काढण्याची संधी त्यांना मिळाली. जी पोचपावती कलाशाळेने दिली नाही, ती भावाच्या कथांसोबत छापून आलेल्या रेखाटनांनी दिली. पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया'मधील त्यांच्या दीर्घ कारकिर्दीने मुंबईकरांची सकाळ अनेक दशके खुलवली.

दुःखाच्या काळात

नारायण यांच्या पत्नी राजम यांचे 1939 मध्ये विषमज्वराने निधन झाले. मुलगी हेमा अवघी तीन वर्षांची होती. या आघाताने नारायण यांची लेखणी थांबली. लहानग्या मुलीचा सांभाळ घरातील सर्वांनी मिळून केला. सावरल्यावर त्यांनी या दुःखाला 'द इंग्लिश टीचर' या 1945 मधील कादंबरीत वाट करून दिली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

पुढील वाटचाल सर्वपरिचित आहे. 'द गाइड' ही कादंबरी 1958 मध्ये प्रकाशित झाली. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 1965 मध्ये तिच्यावरील हिंदी चित्रपट गाजला. 1964 मध्ये नारायण यांना पद्मभूषण सन्मान प्राप्त झाला. 1980 च्या दशकात शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली 'मालगुडी डेज' ही मालिका दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचली. मराठी रंगभूमीवर वावरलेल्या शंकर नाग यांच्या या मालिकेला लक्ष्मण यांच्या रेखाचित्रांची साथ होती.

दप्तराचे ओझे

1986 मध्ये नारायण यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. 1989 मध्ये सभागृहात बोलण्यासाठी त्यांनी विषय निवडला तो शाळकरी मुलांच्या दप्तराच्या ओझ्याचा. जड दप्तरामुळे मुले वाकून चालतात, शाळा आणि गृहपाठ यांत त्यांचे बालपण हरवते आणि स्वप्न पाहायला, खेळायला त्यांना वेळच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या भाषणाने देशभर चर्चेला तोंड फुटले. 1992 मध्ये केंद्र सरकारने प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1993 मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाने मुलांवरील खरे ओझे पुस्तकांच्या वजनाचे नसून न समजता पाठ कराव्या लागणाऱ्या माहितीचे आहे, याकडे लक्ष वेधले. ज्याला स्वतःला रिकामे वर्ष मिळाले होते, त्यानेच इतर मुलांसाठी रिकाम्या वेळेची मागणी केली, हे विशेष.

नारायण यांचे 13 मे 2001 रोजी चेन्नईत निधन झाले, तर लक्ष्मण यांनी 26 जानेवारी 2015 रोजी पुण्यात अखेरचा श्वास घेतला. म्हैसूरच्या यादवगिरी भागातील नारायण यांचे घर पाडले जाण्याची वेळ आली होती. मात्र ते वाचवण्यात आले आणि 2016 मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले.

मुलाच्या अंगी गुण दिसताच त्याला स्पर्धेत उतरवण्याची घाई आज अनेक घरांत दिसते. नारायण यांच्या कुटुंबाने यांपैकी काहीच केले नाही. पुस्तके हाताशी ठेवली, भिंती रंगवू दिल्या, नापास झालेल्या मुलाला दोन वेळचे जेवण सन्मानाने वाढले आणि फळाची वाट पाहिली. प्रतिभा घडवणे कोणत्याही घराच्या हाती नसते. ती खुडली जाणार नाही एवढे पाहणे मात्र प्रत्येक घराच्या हाती असते.