चांदूरच्या शाळेतले भाऊसाहेब

आपल्या चांदूर रेल्वेच्या शाळेत शिकलेला एक मुलगा पुढे देशाचा कृषिमंत्री झाला, हे सोसायटीतल्या लहान मुलांना कदाचित ठाऊक नसेल. डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी पापळ या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. गावातली शाळा संपली तसे ते चांदूरला आले. मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि १९२० मध्ये थेट विलायत. वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टर झाले आणि १९२६ मध्ये परतले.

एवढ्या शिक्षणावर वकिली करून सुखात राहता आलं असतं. वकिली सुरू केलीही. पण लवकरच अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. शेतकऱ्याचं पोरगं बुद्धीत कमी पडत नाही, शहरात राहण्याजेवण्याची सोय नसते म्हणून मागं राहतं, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. १९५२ पासून दहा वर्षं ते केंद्रात मंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी ते गेले.

मी त्यांच्याच संस्थेच्या कॉलेजातून आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. बँकेत लागलो, घर बांधलं, मुलं शिकवली. पण मागून येणाऱ्या किती जणांना हात दिला, हा हिशेब काही जुळत नाही. सोसायटीचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो. कामाला येणाऱ्या बायांच्या लेकरांना तिथं अभ्यासाला बसवू या; गणित मी शिकवीन.