जळत्या जहाजातून वाचलेला ठेवा

६ ऑगस्ट १८५२ रोजी भर अटलांटिक महासागरात ‘हेलन’ नावाच्या जहाजाला आग लागली. ब्राझीलहून इंग्लंडला परतणारा एकोणतीस वर्षांचा निसर्गसंशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस त्या जहाजावर होता. धुराने भरलेल्या खोलीत शिरून त्याने एका पत्र्याच्या डब्यात हाती लागली ती रेखाटने कोंबली. पुढे दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर दुसऱ्या एका जहाजाने त्याची सुटका केली. सोबत आणलेला पक्ष्यांचा व कीटकांचा अमोल संग्रह भस्मसात झाला. वाचली ती मुख्यतः मासे आणि तालवृक्ष यांची पेन्सिलीने काढलेली चित्रे.

वॉलेसचा जन्म १८२३ सालचा. घरची परिस्थिती ओढगस्तीची असल्याने चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली आणि थोरल्या भावाच्या हाताखाली तो जमीनमोजणीचे काम शिकला. गावाची सामाईक कुरणे खासगी मालकीत जात होती, त्या काळातील ही मोजणी. साखळी ओढता ओढता त्याची नजर व रेखाटणारा हात तयार झाला. १८४८ साली मित्र हेन्री बेट्ससह तो अ‍ॅमेझॉनकडे निघाला. पाठीशी वडिलार्जित संपत्ती नव्हती. दुर्मिळ नमुने लंडनच्या दलालामार्फत विकायचे आणि त्या पैशावर पुढचा प्रवास करायचा, असा हिशेब होता. या प्रवासाने त्याचा धाकटा भाऊ हर्बर्ट यालाही ओढून घेतले. १८५१ मध्ये तो पीतज्वराने मरण पावला.

पक्ष्यांना व भुंग्यांना गिऱ्हाईक होते. तालवृक्षाला ते कोठून असणार? तरीही रिओ नेग्रो आणि वाउपेस या नद्यांच्या काठी वॉलेस त्यांची चित्रे काढीत राहिला. प्रत्येक झाडाबरोबर तेथील लोक त्याचे काय करतात, हेही त्याने टिपून ठेवले. एका तालवृक्षाच्या सडपातळ खोडांपासून शिकारीची फुंकनळी होते. दुसऱ्याची काटेरी मुळे किसणी म्हणून वापरतात. मिरिती वृक्षाच्या पानांच्या धाग्यांचे झोपाळे विणतात. आसाईच्या फळांचे पेय करतात. पियासाबाच्या राठ तंतूंचे दोर वळले जात आणि तोच तंतू इंग्लंडात झाडू व ब्रश करण्यासाठी जाई. हा तंतू देणाऱ्या रिओ नेग्रोकाठच्या झाडाला वॉलेसने दिलेले शास्त्रीय नाव आजही रूढ आहे. माड-पोफळीच्या छायेत वाढलेल्या कोकणी वाचकाला या नोंदींतील जिव्हाळा वेगळा सांगावयास नको.

१८५३ साली ही चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. प्रती अवघ्या अडीचशे, तीही पदरमोड करून छापलेल्या. विक्रीतून जेमतेम खर्च भरून निघाला. तज्ज्ञांनी ग्रंथाचे फारसे कौतुक केले नाही. त्याचा स्नेही वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस यालाही काही चित्रे सदोष वाटली. शास्त्राच्या काटेकोर कसोटीवर ही टीका अनाठायी नव्हती. परंतु वृक्षाकडे त्याच्यावर जगणाऱ्या माणसासह पाहण्याची दृष्टी त्या टीकेच्या मापात बसणारी नव्हती.

पुढे मलाया द्वीपसमूहातील भ्रमंतीने आणि १८५८ मध्ये डार्विनच्या बरोबरीने मांडल्या गेलेल्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताने वॉलेस जगविख्यात झाला. १८८१ साली जमिनीच्या राष्ट्रीयीकरणासाठी स्थापन झालेल्या संस्थेचा तो अध्यक्ष बनला. तरुणपणी दुसऱ्यांच्या मालकीसाठी जमीन मोजणारा हा मनुष्य उतारवयात जमिनीवर खरा हक्क कोणाचा, असे विचारू लागला होता. १९१३ साली त्याचे निधन झाले.

जळालेल्या संग्रहाला बाजारभाव होता, म्हणून दलालाने त्याचा विमा उतरविला होता. चित्रांना भाव नव्हता. आज तीच आसाईची फळे देशोदेशींच्या बाजारात विकली जातात. त्यांचा उपयोग प्रथम ओळखणारे वनवासी मात्र अनामच राहिले. अरण्याची किंमत ठरविताना आपण लाकडाचे घनफूट मोजतो आणि जमिनीचे एकर मोजतो. फुंकनळी, दोर, झोपाळा आणि फळ यांचा रकाना त्या हिशेबात नसतो. वॉलेसने तो दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी भरून ठेवला होता. विकासाचे आराखडे आखणाऱ्यांनी तो एकदा तरी वाचावा.